व्यासपीठाच्या पायरीवर

3 जानेवारी म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती. आमच्या तालुक्याच्या गावी त्या दिवशी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा असते. काही वर्षांपूर्वी मी सातवीतल्या एका मुलीला घेऊन गेले होते. भाषण तिनं महिनाभर घोटलेलं. वर्गात, घरी, मधल्या सुट्टीत, कुठंही विचारा, घडाघडा म्हणायची. तिच्या आधीचे दोन स्पर्धक उरले तेव्हा तिनं माझा हात धरला. तळवा गार पडलेला आणि घामानं ओला. "बाई, मला परत लघवीला जायचंय." पाचच मिनिटांपूर्वी जाऊन आली होती. मग म्हणाली, "बाई, जीभ टाळूला चिकटतीय. बोलू कशी?"

नाव पुकारलं गेलं. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो" एवढं खणखणीत झालं. पहिला परिच्छेदही पार पडला. आणि मग सगळं थांबलं. तिची नजर वरच्या पंख्यावर खिळली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. परीक्षकांपैकी कोणीतरी मायेनंच म्हणालं, "राहू दे बाळ, बस खाली." ती उतरली.

संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसून तिनं तेच भाषण मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवलं. एकदाही अडली नाही. "बाई, मला येत होतं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. खरंच येत होतं. मग दुपारी सव्वाबारा वाजता ते भाषण गेलं होतं कुठं? त्या प्रश्नानं मला बरंच वाचायला लावलं, आणि जे कळलं ते प्रत्येक शिक्षकाला, प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पोटापासून करू, कारण विज्ञानानंही तिथूनच केली. क्ष-किरणांचा शोध 1895 मधला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी त्या किरणांनी प्राण्यांचं पचन बघू लागला. मांजरांना बिस्मथ घातलेलं अन्न द्यायचं आणि जठराच्या लाटा पडद्यावर पाहायच्या, असा प्रयोग. त्यात एक अडचण वारंवार यायची. मांजर चिडलं, घाबरलं, सुटायला धडपडू लागलं की जठर जागच्या जागी थांबायचं. त्याला कुरवाळून शांत केलं, ते घुरघुरू लागलं की लाटा पुन्हा सुरू. दुसऱ्या कोणी ही प्रयोगातली कटकट समजून सोडून दिली असती. कॅननला त्यातच खरा प्रश्न दिसला आणि पुढची अनेक वर्षं तो भावना आणि शरीर यांच्या नात्यामागे लागला. 1915 मध्ये त्याचं पुस्तक आलं. संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही आज सर्वांच्या तोंडी असलेली कल्पना त्याची.

सज्ज होणं म्हणजे काय, तर आहे ती रसद एकीकडून काढून दुसरीकडे लावणं. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची नोंद घेण्यात त्याचा मोठा वाटा. नेमकं काय आहे हे नीट कळायच्या आत तो इशारा देऊन मोकळा होतो. म्हणून अंधारात दोरी पाहून आपण आधी उडी मारतो आणि मग 'अरे, दोरी आहे' म्हणतो. त्या इशाऱ्यासरशी मज्जातंतूंचं एक अख्खं जाळं जागं होतं, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी काही सेकंदांत रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, हृदय जोरात धावतं, यकृत साखर मोकळी करतं. मोठ्या स्नायूंना रक्त हवं असतं, ते कातडीतून आणि आतड्यांतून काढून घेतलं जातं. बोटं गार पडतात ती त्यामुळे. पोटात गोळा येतो तोही त्यामुळेच. पोट थांबतं, पण मोठं आतडं मात्र उलट जोरात चालू लागतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी घरातल्या संडासापुढे रांग का लागते, याचं उत्तर इथं आहे. ते नाटक नसतं, बहाणाही नसतो.

तळहाताचा घाम आणखी वेगळा. तळहात आणि तळपाय इथल्या घामाच्या ग्रंथी उन्हापेक्षा मनाचं जास्त ऐकतात. थोडासा ओलावा आला की पकड सुधारते. कुदळ हातात घेण्याआधी माणूस तळव्यावर थुंकी लावतो, तेच काम शरीर आपण होऊन करतं. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूंमुळे. मांजर त्याच स्नायूंच्या जोरावर फुगून दुप्पट दिसतं. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, स्नायू मात्र अजून इमानानं काम करतात.

आता ती चिकटलेली जीभ. तोंडचं पाणी पळालं असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं आहे. लाळ हा पचनाचा भाग आणि संकटात पचन थांबवलेलं असतं, त्यामुळे पातळ लाळ आटते आणि उरते ती चिकट. हे आपल्या पूर्वजांच्या नीट लक्षात आलं होतं. धर्मशास्त्रात जी दिव्यं सांगितली आहेत त्यांत एक तंडुलदिव्य आहे. चोरीचा आळ आला की संशयिताला तांदळाचे दाणे चावून पानावर थुंकायला लावायचे. थुंकीत रक्त दिसलं, टाळू सोलवटली, अंग कापू लागलं तर तो दोषी. कोरड्या तोंडात कच्चे तांदूळ टोचणारच. निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष भयंकर होता. कारण चोराचं तोंड सुकतं तसंच भरसभेत चोर ठरवलं जाईल या धास्तीनं साध्या माणसाचंही सुकतं. शरीराला अपराध कळत नाही, त्याला फक्त धोका कळतो. किती निरपराध माणसं त्या पानावर थुंकून गुन्हेगार ठरली असतील या विचारानं आजही अस्वस्थ व्हायला होतं. खोटं पकडणारं म्हणून आज जे पॉलिग्राफ यंत्र वापरतात तेही मोजतं ते श्वास, रक्तदाब आणि घामच. 2010 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्याच्या निकालात सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी लादता येणार नाही.

आणि ज्याच्या तोंडाला कोरड पडते तो भित्रा, असंही कोणी म्हणू नये. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांमध्ये उभ्या राहिलेल्या अर्जुनानं कृष्णाला जे सांगितलं ते आठवून पाहा. तोंड सुकलंय, अंग थरथरतंय, काटा आलाय, गांडीव हातातून निसटतंय, कातडी जळतेय, उभं राहवत नाही, मन भ्रमतंय. डॉक्टरनं लिहून घ्यावी अशी ही यादी आहे. सांगणारा त्या काळातला सर्वांत कसलेला धनुर्धर होता. त्याला मरणाचं भय नव्हतं, आपल्याच माणसांवर शस्त्र उचलायचं दुःख होतं. तरी अंग त्याच भाषेत बोललं. शरीराकडे ती एकच भाषा आहे.

मग भाषण गेलं कुठं, या प्रश्नाकडे येऊ.

कपाळाच्या मागं मेंदूचा जो पुढचा भाग आहे तो आपला कारभारी. एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, पुढचं वाक्य तयार ठेवणं, नको ते विचार बाजूला सारणं ही त्याची कामं. थोड्या ताणात तो उत्तम चालतो. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच रसायनांच्या पुरात तो मंदावतो आणि सूत्रं जुन्या, वेगवान, विचार न करणाऱ्या भागांकडे जातात. जंगलात हे शहाणपणाचं होतं. वाघासमोर दहा पर्यायांचा विचार करणारा माणूस टिकला नसता. सभागृहात मात्र नेमका तोच कारभारी हवा असतो.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते. अ‍ॅड्रिनॅलिननंतर काही मिनिटांनी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढू लागतं. ते सावकाश चढतं, साधारण वीस-तीस मिनिटांत शिखर गाठतं आणि सावकाश उतरतं. कार्यक्रम संपून घरी आल्यावरही अंगातला ताण लगेच जात नाही, तो बराचसा त्यामुळे. आठवणींशी त्याचं नातं दुहेरी आहे. त्या वेळी जे घडतंय ते मनावर कोरून ठेवायला ते मदत करतं, आणि आधी साठवलेलं बाहेर काढायला अडथळा करतं. माझ्या विद्यार्थिनीला महिनाभर घोटलेलं पुढचं वाक्य सापडलं नाही. पण तो पंखा, परीक्षकांच्या टेबलावरचा हिरवा कपडा, पहिल्या रांगेत हसलेला मुलगा, हे सगळं ती आजही जसंच्या तसं सांगते. एकाच क्षणानं तिच्याकडून एक हिरावून घेतलं आणि दुसरं कायमचं हाती दिलं. पाठांतराची वही मनात होतीच, तिचं दार तेवढ्यापुरतं लागलं होतं. एसटीत बसून तास उलटला, ताण ओसरला, दार उघडलं.

खरी गडबड पुढच्या पायरीवर होते. छाती धडधडते, आणि आपल्याला त्या धडधडीचीच भीती वाटू लागते. 'माझा आवाज कापतोय, सगळ्यांना कळलं असणार.' ही भीती नवा इशारा म्हणून मेंदूत जाते, नवं अ‍ॅड्रिनॅलिन येतं, धडधड वाढते. हे चाक एकदा फिरू लागलं की बाहेरचं संकट केव्हाच मागं पडतं. प्रत्यक्षात आपली घालमेल आपल्याला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासलं. वक्त्यांना आपण फार घाबरलेले दिसलो असं वाटत होतं, श्रोत्यांना ते तितके घाबरलेले दिसले नव्हते. आणि ही गोष्ट ज्यांना बोलण्याआधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणं चांगली झाली. नुसतं सांगितल्यानं.

श्वासाचीही एक गंमत आहे, तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. घाबरलेल्या मुलाला आपण म्हणतो, "जोरजोरात मोठे श्वास घे." हा सल्ला चुकीचा आहे. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. हवा कमी पडल्यासारखं वाटत असतं, प्रत्यक्षात ती जास्त झालेली असते. करायचं ते उलट. नाकानं साधा श्वास आत, चार अंक मोजत. बाहेर सोडताना सावकाश, सहा-सात अंक मोजत. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगानं चालतं आणि सोडताना किंचित सावकाश, हे आपल्याला नाडीवर बोट ठेवूनही जाणवू शकतं. उच्छ्वास लांबवला की हृदयाच्या लगामावरच हात पडतो. तीन-चार मिनिटं पुरतात. स्पर्धेच्या सकाळी दोन कप कडक चहा टाळला तर आणखी बरं, कारण चहा-कॉफीतलं कॅफीन हीच धडधड विकत आणून देतं.

मनाच्या बाजूनं काय करता येतं? इथं मला अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगावीशी वाटते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेला हा मुलगा चारचौघांत बोलायला कमालीचा घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवलं की घाबरत घाबरत का होईना, बोलायचंच. सभांमध्ये तो भाषणं देऊ लागला. मुलींशी बोलायची भीती होती म्हणून एका महिन्यात बागेतल्या बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी स्त्रियांशी जाऊन बोलला. त्यातून मैत्री एकीशीही जमली नाही, पण कोणी त्याला मारलं नाही, पोलीस आले नाहीत, आकाश कोसळलं नाही. भीती मोडली. याच एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ विचारांवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली आणि ती मराठी माणसांपर्यंत आणण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचं मोठं काम आहे. एलिस यांचं म्हणणं असं की घटना माणसाला एवढी अस्वस्थ करत नाही, जेवढा तिच्याविषयीचा त्याचा हट्ट करतो. इंग्रजीत तो हट्ट सांगायला अख्खा शब्द लागतो, मराठीत एक अक्षर पुरतं. 'माझं भाषण चांगलं व्हावं' ही इच्छा. 'माझं भाषण चांगलं झालंच पाहिजे' हा हट्ट. त्या 'च'मध्ये निम्मी धडधड आहे. घरोघरी आपण मुलांच्या कानात हा 'च' रोज ओततो. नव्वद टक्के आलेच पाहिजेत. नंबर लागलाच पाहिजे. चार लोकांत हसं होताच कामा नये.

आणखी एक साधा उपाय शब्दांचाच. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की बोलण्याआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस होते. हे मला पटतं. धावत्या हृदयाला शांत हो म्हणणं म्हणजे उतारावरच्या बैलगाडीला जागच्या जागी थांब म्हणणं. भीती आणि हुरूप या दोन्हींत छाती सारखीच धडधडते, नाव कोणतं द्यायचं ते आपल्या हाती असतं. म्हणून "घाबरू नकोस" हे वाक्य मी आता मुलांना म्हणत नाही. "अंगात जोर आलाय ना? बोलायला लागतो तो," असं म्हणते.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी ती मुलगी शाळेतच आली नाही. पोट दुखतंय अशी आईची चिठ्ठी होती. पोट खरंच दुखत असणार. पण घरी राहिल्यावर जे हायसं वाटतं ना, ते फार महागात पडतं. मेंदू त्यातून एकच धडा घेतो, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी इशारा आणखी मोठा. हे मोडायचं तर छोट्या पायऱ्या लागतात. आम्ही परिपाठापासून सुरुवात केली. आधी कागदात बघून सुविचार. मग दिनविशेष. मग दोन मिनिटांची बोधकथा, कागद हातात पण न बघता. आठ-दहा दिवसांनी तिचाच आवाज मोकळा होऊ लागला. नववीत ती पुन्हा त्याच व्यासपीठावर उभी राहिली. मध्ये अडली. खाली बघून एक श्वास सोडला, हातातल्या चिटोऱ्यावर नजर टाकली आणि पुढं बोलली. नंबर आला नाही. परतीच्या एसटीत तिनं भाषण म्हणून दाखवलं नाही, खिडकीला डोकं टेकून झोपली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही सगळी चर्चा निरोगी शरीराच्या, प्रसंगापुरत्या भीतीची आहे. छातीत दुखणं, धाप, दरदरून घाम ही हृदयविकाराचीही लक्षणं असतात. मोठ्या माणसाला ती जाणवली तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नये, आधी दवाखाना गाठावा. थायरॉइडचं काम वाढलं तरी अशीच धडधड आणि थरथर होते. आणि काही कारण नसताना महिनोन् महिने जीव टांगणीला लागलेला असेल, झोप उडाली असेल, शाळा, नोकरी, बाजार टाळावासा वाटत असेल, तर तो आजार आहे. समुपदेशनानं आणि गरज पडली तर औषधांनी त्यात चांगला फरक पडतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्री चालते, मराठीत बोलता येतं.

राहिली एक विनंती, स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि परीक्षकांना. पोर व्यासपीठावर अडलं तर लगेच "बस खाली" म्हणू नका. तुमचा हेतू मायेचा असतो, पण भीतीच्या ऐन शिखरावर त्याला उतरवलं तर तेवढंच त्याच्या मनावर कोरलं जातं. घंटेवरचा हात काढून घ्या. पाण्याचा पेला पुढं करा. त्याच्या हाती चिटोरं असेल तर बघू द्या, त्याचे गुण कापू नका. अर्धं मिनिट थांबा. पुढचं वाक्य बहुतेक वेळा सापडतं.